इंग्रजी रिलेटिव्ह क्लॉज आखूड केला की वाक्य का मोडतं?

रिलेटिव्ह क्लॉज म्हणजे नामाबद्दल माहिती सांगणारं विशेषण वाक्य. तो आखूड करताना काय होतं ते खालच्या तीन वाक्यांत पाहा. तिन्ही चुकीची आहेत, आणि मराठीतून विचार करत इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातून ती पुन्हा पुन्हा लिहिली जातात.

द गेस्ट्स अराइव्ह्ड येस्टरडे आर स्लीपिंग.
द बॉय ब्रेकिंग द विंडो लास्ट वीक हॅज अपॉलजाइज्ड.
द चेअर आय वॉज सिटिंग इज ब्रोकन.

पहिल्यात ‘हू अराइव्ह्ड’ हवं, दुसऱ्यात ‘हू ब्रोक’ हवं, तिसऱ्यात ‘सिटिंग’नंतर ‘ऑन’ हवं. कुणी दुरुस्त करून दाखवलं की लगेच पटतं. पण थोड्या दिवसांनी तीच चूक दुसऱ्या शब्दांत परत येते, कारण दुरुस्ती त्या एका वाक्यापुरती झालेली असते.

वरवर पाहता या तीन वेगळ्या चुका आहेत. एकीत सर्वनाम गळलं, दुसरीत क्रियापदाचं रूप चुकलं, तिसरीत प्रिपोझिशन हरवलं. मूळ मात्र एकच. ‘काल आलेले पाहुणे’, ‘खिडकी फोडणारा मुलगा’, ‘मी बसलेली खुर्ची’ हे मराठीत तिन्ही बिनचूक आहे. मराठीत विशेषण वाक्य आखूड करायला जवळजवळ कसलीच अट नाही. इंग्रजीत अटी आहेत, आणि त्या आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. म्हणून नियम पाठ करण्याआधी आपल्या भाषेत नेमकं काय घडतं ते पाहायला हवं. (इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, चुका लवकर कानावर येतील.)

मराठीचे दोन रस्ते

नामाबद्दल वाक्यभर माहिती सांगायची तर मराठीत दोन सोयी आहेत. एक जो-तो ची जोडी: ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.’ मुलगा एकच, पण दोन्ही वाक्यांत त्याच्यासाठी एकेक शब्द आहे. दुसरी सोय धातुसाधित विशेषणाची: ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे.’ बोलताना आपण ही दुसरीच सोय जास्त वापरतो आणि बहुतेक चुकाही तिच्यातूनच येतात.

पहिल्या सोयीतून येणारी चूक ओळखायला सोपी आहे. ‘द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ इथला ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. इंग्रजीत तो नको. ‘द बॉय’ हाच ‘इज’चा कर्ता आहे, त्याला दुसरा कर्ता जोडता येत नाही. ‘द बुक व्हिच आय बॉट इट’ ही चूकही याच जातीची. ‘बॉट’चं कर्म ‘व्हिच’ने आधीच सांगितलं आहे, म्हणून ‘इट’ला जागाच उरलेली नाही.

एवढ्यावर ही चूक बहुतेकांची सुटते. सुटत नाही ती लांबलचक वाक्यांत, आणि त्याचं कारण केवळ निष्काळजीपणा नाही. एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अनेक भाषांमधले रिलेटिव्ह क्लॉज ताडून एक उतरंड मांडली. कर्त्याबद्दल क्लॉज बांधणं सर्वांत सोपं, मग कर्म, मग अप्रत्यक्ष कर्म, मग प्रिपोझिशनसारख्या शब्दांना जोडलेलं नाम, मग ‘ज्याचा’ मधला मालक, आणि शेवटी तुलनेतलं नाम. या उतरंडीवर जितकं खाली जावं तितकी असं जादा सर्वनाम ठेवण्याकडे भाषांचा कल वाढतो. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही गुंतागुंतीच्या वाक्यात बोलण्याच्या ओघात कधी कधी जादा ‘इट’ किंवा ‘देम’ घालतात. तेव्हा ‘हूज’ आणि प्रिपोझिशनच्या वाक्यांत तुम्ही जास्त अडखळत असाल तर ते स्वाभाविक आहे. तो भाग मुळातच अवघड आहे, तिथे जास्त सावकाश जायचं.

पहिली तपासणी: रिकामी जागा शोधा

काहीही आखूड करण्याआधी क्लॉज वेगळा काढून त्याचं पूर्ण वाक्य लिहा. ज्या नामाबद्दल बोलायचं आहे ते त्या वाक्यात कुठे बसतं ते पाहा. तीच रिकामी जागा. पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

‘द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’ यातलं पूर्ण वाक्य ‘द मॅन लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’. नाम कर्त्याच्या जागी आहे. अशा वेळी नुसता ‘हू’ उडवता येत नाही. ‘द मॅन लिव्ह्ज नेक्स्ट डोअर इज अ डॉक्टर’ असं लिहिलं तर ‘लिव्ह्ज’ मुख्य क्रियापद होऊन बसतं आणि ‘इज’ लोंबकळत राहतं. ‘हू’ काढायचा तर क्रियापदाचं रूपही बदलावं लागेल: ‘द मॅन लिव्हिंग नेक्स्ट डोअर इज अ डॉक्टर.’

‘द लेटर दॅट यू सेंट’ यातलं पूर्ण वाक्य ‘यू सेंट द लेटर’. नाम कर्माच्या जागी आहे. इथे ‘दॅट’ निर्धास्त काढा: ‘द लेटर यू सेंट हॅज अराइव्ह्ड.’ क्रियापदाला हात लावायचा नाही. अशा बिनसर्वनामाच्या क्लॉजला डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्परसन यांनी ‘कॉन्टॅक्ट क्लॉज’ म्हटलं, कारण नाम आणि क्लॉज यांच्यामध्ये काहीच उरत नाही, दोन्ही एकमेकांना थेट भिडतात. ‘तू पाठवलेलं पत्र’, ‘मी वाचलेलं पुस्तक’, ‘तिने सांगितलेली गोष्ट’ या सगळ्यांसाठी हीच रचना घ्या. ‘द बुक रेड बाय मी’ हे व्याकरणाने चूक नाही, पण इंग्रजी बोलणारा माणूस तिथे ‘द बुक आय रेड’ म्हणेल. ‘मी’ हा कर्ता दिसताच ‘बाय मी’ लिहायला हात सरसावतो, तेवढा आवरला तरी इंग्रजी बरंच मोकळं होतं.

‘मी बसलेली खुर्ची’ ची पाळी आली की पूर्ण वाक्य लिहिण्याचा फायदा लख्ख दिसतो. ‘आय वॉज सिटिंग ऑन द चेअर.’ रिकामी जागा ‘ऑन’च्या नंतर आहे. खुर्ची पुढे गेली तरी ‘ऑन’ जागेवरच राहणार: ‘द चेअर आय वॉज सिटिंग ऑन इज ब्रोकन.’ मराठीत ‘खुर्चीवर’ मधला ‘वर’ आखूड करताना बिनबोभाट गळून पडतो आणि ऐकणारा तो मनात भरून घेतो. इंग्रजी ऐकणारा तसं करत नाही. ‘मी राहत असलेलं घर’ म्हणजे ‘द हाउस आय लिव्ह इन’. ‘मी ज्याच्याशी बोललो तो माणूस’ म्हणजे ‘द मॅन आय स्पोक टू’. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये असं काहींच्या मनावर बिंबलेलं असतं. त्यात तथ्य नाही. फार औपचारिक लिखाणात ‘द हाउस इन व्हिच आय लिव्ह’ लिहा, पण तिथे ‘इन’नंतर ‘दॅट’ चालत नाही आणि ‘व्हिच’ गाळताही येत नाही.

‘व्हेअर’ की ‘व्हिच’ हा घोळही याच तपासणीने सुटतो. ठिकाण आलं की ‘व्हेअर’ असं समजून लिहिलेलं ‘द प्लेस व्हेअर आय व्हिजिटेड’ चूक आहे. पूर्ण वाक्य ‘आय व्हिजिटेड द प्लेस’. इथे ठिकाण हे कर्म आहे, म्हणून ‘द प्लेस दॅट आय व्हिजिटेड’ किंवा नुसतं ‘द प्लेस आय व्हिजिटेड’. उलट ‘आय लिव्ह इन द प्लेस’ मध्ये ‘इन’ आहे, म्हणून ‘द प्लेस व्हेअर आय लिव्ह’. ‘व्हेअर’मध्ये ‘इन’ किंवा ‘अ‍ॅट’ मुरलेलं असतं. पूर्ण वाक्यात तसलं काही नसेल तर ‘व्हेअर’ला काम नाही.

‘हू’ आणि ‘हूम’बद्दल एकच सापळा सांगतो. ‘द वुमन हूम आय थॉट वॉज द मॅनेजर’ हे भारदस्त वाटतं, पण चूक आहे. ‘आय थॉट’ झाकून वाचा: ‘द वुमन वॉज द मॅनेजर’. ती कर्ता आहे, म्हणून ‘हू’. गंमत अशी की या रचनेत कर्ता असूनही सर्वनाम गाळता येतं: ‘द वुमन आय थॉट वॉज द मॅनेजर’. ‘आय थॉट’ मध्ये आल्यामुळे ‘वॉज’ला मुख्य क्रियापद समजण्याचा धोका राहत नाही.

दोन चुका जाता जाता. ‘एव्हरीथिंग व्हॉट ही सेड’ नाही, ‘एव्हरीथिंग ही सेड’. ‘व्हॉट’मध्ये ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही आहेत, म्हणून त्याच्या आधी नाम नको. आणि ‘शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव फिनिश्ड’ मध्ये ‘हॅव’, कारण ‘हू’ ‘स्टुडंट्स’कडे बोट दाखवतो, ‘वन’कडे नाही.

स्वल्पविरामाची अट

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज अब्रॉड इज अ डॉक्टर’ असं स्वल्पविरामांशिवाय लिहिलं तर मला अनेक भाऊ आहेत आणि त्यांपैकी परदेशातला डॉक्टर आहे असा अर्थ होतो. ‘माय ब्रदर’नंतर आणि ‘अब्रॉड’नंतर स्वल्पविराम दिले तर भाऊ एकच, परदेशात राहणं ही जादा माहिती. आखूड करताना हे का महत्त्वाचं? कारण स्वल्पविरामांच्या आतल्या क्लॉजमध्ये कर्म असलं तरी सर्वनाम गाळता येत नाही, आणि तिथे ‘दॅट’ही चालत नाही. ‘माय लॅपटॉप, आय बॉट लास्ट इयर, इज स्लो’ हे चूक, ‘व्हिच’ हवंच. आखूड करायचंच असेल तर पुढे येणारी कृदंताची (क्रियापदापासून बनलेल्या विशेषणाची) किंवा नामाची वाट घ्या: ‘माय ब्रदर, अ डॉक्टर, लिव्ह्ज अब्रॉड.’ स्वल्पविराम तसेच ठेवायचे.

स्वल्पविराम नसलेल्या क्लॉजमध्ये ‘दॅट’ आणि असलेल्यात ‘व्हिच’ अशी वाटणी करावी, ही सूचना इंग्रजी भाषावापराचे कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये जोरकसपणे मांडली. सगळे चांगले लेखक तसं करतात असा दावा मात्र त्यांनीही केला नव्हता. आजही ब्रिटिश लिखाणात स्वल्पविरामाशिवायचा ‘व्हिच’ सर्रास दिसतो. तो चूक मानून त्यामागे वेळ घालवू नका. स्वल्पविरामानंतरचा ‘दॅट’ मात्र दुरुस्त करा.

‘णारा’ म्हणजे ‘आयएनजी’ नाही

आता मुख्य दुखण्याकडे. बऱ्याच ठिकाणी शिकवतात की ‘हू इज’ किंवा ‘व्हिच वॉज’ काढून टाका, उरेल तो आखूड क्लॉज. हे अर्धंच खरं आहे. ‘द बॉक्स कन्टेनिंग द लेटर्स’ घ्या. इथे ‘व्हिच इज कन्टेनिंग’ असं मूळ वाक्य नाहीच, इंग्रजीत तसं म्हणत नाहीत. मूळ आहे ‘व्हिच कन्टेन्स’. ‘एनीवन वॉन्टिंग टू जॉइन’, ‘द हाउस बिलाँगिंग टू माय अंकल’ यांचंही तेच. म्हणजे आखूड क्लॉजमधलं आयएनजी (‘कन्टेनिंग’च्या शेवटचं ‘इंग’) हे चालू काळाचं रूप नसतं. ते फक्त सांगतं की नाम हे कर्ता आहे आणि क्रिया करणारं किंवा त्या स्थितीत असणारं आहे. काळ ते स्वतः सांगत नाही, मुख्य क्रियापदाकडून उसना घेतं. ‘द बॉय स्टँडिंग अ‍ॅट द डोअर वेव्ह्ड’ मध्ये तो तेव्हा उभा होता, ‘द बॉय स्टँडिंग अ‍ॅट द डोअर इज वेव्हिंग’ मध्ये आत्ता उभा आहे.

इथेच ‘णारा’ फसवतो. ‘णारा’ भूतकाळात घडून संपलेली एकच क्रियाही पोटात घेतो: ‘गेल्या आठवड्यात खिडकी फोडणारा मुलगा’. आयएनजीला ते पेलत नाही. फोडण्याची क्रिया एका क्षणाची, तेव्हाच संपलेली, आणि मुख्य वाक्य आत्ताच्या माफीबद्दल. काळ उसना घ्यायचा तर कुठून घेणार? म्हणून ‘द बॉय हू ब्रोक द विंडो’ पूर्णच लिहायचं, त्याला आखूड रूप नाही. ‘ब्रेकिंग’ शब्दात दोष नाही, ‘एनीवन ब्रेकिंग द रूल्स विल बी फाइन्ड’ उत्तम इंग्रजी आहे, कारण तिथे एक घडून गेलेली घटना नाही, जो कोणी मोडेल त्याच्याबद्दलचा नियम आहे.

तपासणी अशी: क्लॉजमधलं क्रियापद पूर्ण वाक्यात साध्या भूतकाळात असेल आणि ती एकदाच घडून संपलेली गोष्ट असेल, तर थांबा, ‘हू’ ठेवा. चालू क्रिया, सवय, नियम किंवा स्थिती असेल तर आयएनजी चालेल. ‘मराठी बोलणारे लोक’ म्हणजे ‘पीपल स्पीकिंग मराठी’ ठीक. ‘उद्या येणारे पाहुणे’ म्हणजे ‘द गेस्ट्स कमिंग टुमॉरो’ हेही ठीक, कारण ठरलेल्या येण्यासाठी इंग्रजी ‘आर कमिंग’ वापरतेच. ‘परीक्षा संपवलेले विद्यार्थी जाऊ शकतात’ यासाठी ‘द स्टुडंट्स हॅव्हिंग फिनिश्ड द टेस्ट मे लीव्ह’ नको, ‘हू हॅव फिनिश्ड’ लिहा. तेच ‘हॅव्हिंग फिनिश्ड’ स्वल्पविरामांत घालून, सगळ्यांबद्दल जादा माहिती म्हणून आलं तर शोभतं: ‘द स्टुडंट्स, हॅव्हिंग फिनिश्ड द टेस्ट, लेफ्ट.’

‘णारा’चं आणखी एक इंग्रजी रूप आहे, आणि ते सहसा सुचतच नाही. ‘सगळ्यात आधी पोहोचणारा’ म्हणजे ‘द फर्स्ट पर्सन टू अराइव्ह’. पहिला, शेवटचा, एकमेव, सर्वांत अमुक असा शब्द आधी आला की इंग्रजी ‘टू’कडे वळते. १९६३ मधल्या उड्डाणाबद्दल लिहायचं तर ‘व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा वॉज द फर्स्ट वुमन टू गो इनटू स्पेस’. क्रिया घडून कित्येक वर्षं झाली तरी ‘टू’ चालतो. वरची भूतकाळाची अडचण इथे येत नाही, ही मोठी सोय आहे. ‘मदत करू शकणारा कुणीतरी’ साठीही ‘समवन टू हेल्प’ घ्या, कारण ‘कॅन’ला आयएनजी लागत नाही. ‘बोलायला कुणीतरी’ म्हणजे ‘समवन टू टॉक टू’. शेवटचा ‘टू’ विसरू नका, तो मघाच्या खुर्चीच्या ‘ऑन’सारखाच जागेवर राहतो.

नकार असेल तर ‘नॉट’ पुढे येतो: ‘स्टुडंट्स नॉट टेकिंग द टेस्ट’. इथे सहसा कुणी चुकत नाही.

‘लेला’ म्हणजे ‘ईडी’ नाही

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ‘लेला’ हे मराठीतलं सर्वांत उदार रूप आहे. ते कर्त्यालाही लागतं आणि कर्मालाही. ‘वाचलेलं पुस्तक’ मध्ये पुस्तक वाचलं गेलं. ‘पुस्तक वाचलेला माणूस’ मध्ये माणसाने वाचलं. ‘आलेला पाहुणा’ मध्ये कर्म मुळी नाहीच. इंग्रजीत नामानंतर येणारं भूतकालवाचक कृदंत (ईडीने संपणारं किंवा ‘रिटन’, ‘बिल्ट’सारखं रूप) फक्त पहिल्या कामासाठी आहे, म्हणजे ज्याच्यावर क्रिया झाली त्याच्यासाठी. ‘द लेटर रिटन इन पेन्सिल’ बरोबर, कारण पत्र लिहिलं गेलं, ‘द लेटर वॉज रिटन’ असं म्हणता येतं.

ही ‘वॉज’ची चाचणी नेहमी लावा. ‘द गेस्ट्स वर अराइव्ह्ड’ म्हणता येतं का? नाही. मग ‘द गेस्ट्स अराइव्ह्ड येस्टरडे आर स्लीपिंग’ हेही नाही. ‘द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ म्हणता येतं का? नाही. म्हणून ‘काल झालेला अपघात’ हा ‘द अ‍ॅक्सिडेंट दॅट हॅपन्ड येस्टरडे’ किंवा सरळ ‘येस्टरडेज अ‍ॅक्सिडेंट’. येणं, जाणं, पोहोचणं, घडणं, मरणं, दिसणं ही सगळी अकर्मक क्रियापदं इथे अडकतात. नामाच्या आधी मात्र काही मोजकी रूपं रुळलेली आहेत: ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘अ रिटायर्ड टीचर’, ‘द रिसेंटली अराइव्ह्ड गेस्ट्स’. त्यांच्यावरून नवीन रूपं मात्र बनवू नका.

‘परीक्षा दिलेले विद्यार्थी’ ही तिसरी जात. ‘द स्टुडंट्स टेकन द एक्झाम’ चूक आहे, कारण ‘द स्टुडंट्स वर टेकन’ हा भलताच अर्थ झाला. ‘हू टुक द एक्झाम’ लिहा.

आणि चौथी जात, जी चांगलं इंग्रजी येणाऱ्यांनाही चकवते. बसलेला, झोपलेला, निळा शर्ट घातलेला. मराठीत क्रिया पुरी होऊन तिची स्थिती उरली आहे, म्हणून ‘लेला’. इंग्रजी त्याच दृश्याकडे चालू स्थिती म्हणून पाहते, म्हणून आयएनजी: ‘द मॅन सिटिंग ऑन द चेअर’, ‘द चाइल्ड स्लीपिंग इन द नेक्स्ट रूम’, ‘द मॅन वेअरिंग अ ब्लू शर्ट’. ‘द मॅन वोर्न अ ब्लू शर्ट’ अजिबात नाही. ‘द मॅन इन अ ब्लू शर्ट’ तर त्याहून आखूड आणि त्याहून सहज.

असलेला, असलेली यांच्यासाठी क्रियापदच नको. ‘लांब केस असलेली मुलगी’ म्हटलं की ‘द गर्ल हॅव्हिंग लाँग हेअर’ हातून उतरतं. ‘द गर्ल विथ लाँग हेअर’ म्हणा. जवळ असणं ‘विथ’ने, कपडे ‘इन’ने, जागा त्या त्या प्रिपोझिशनने: ‘द बुक ऑन द टेबल’. ‘बीइंग’ही असाच जादा येतो. ‘द पीपल बीइंग रिस्पॉन्सिबल फॉर द डिले’ मधला ‘बीइंग’ काढा, ‘द पीपल रिस्पॉन्सिबल फॉर द डिले’ पुरेसं आहे. आणि जिथे तो काढल्यावर उरलेले शब्द जुळत नाहीत, जसं ‘द मॅन बीइंग अ डॉक्टर’, तिथे ‘हू इज अ डॉक्टर’ पूर्ण लिहा.

‘बीइंग’ हवाच असतो ती एक जागा म्हणजे चालू कर्मणी. ‘गेल्या वर्षी बांधलेला पूल’ हा ‘द ब्रिज बिल्ट लास्ट इयर’. ‘सध्या बांधला जात असलेला’ हा ‘द ब्रिज बीइंग बिल्ट’. ‘पुढच्या वर्षी बांधला जाणार असलेला’ हा ‘द ब्रिज टू बी बिल्ट नेक्स्ट इयर’. अहवाल लिहिणाऱ्यांनी ही तिन्ही रूपं एकदा नीट घोकून ठेवावीत. नुसतं ‘बिल्ट’ लिहिलं तर वाचणारा पूल तयार आहे असंच धरून चालतो, आणि ती चूक व्याकरणाची राहत नाही, माहितीची होते.

विशेषण कुठे ठेवलं त्यावर अर्थ

क्लॉज आखूड होत होत एका विशेषणावर आला की त्याला नामाआधी सरकवण्याचा मोह होतो. काही शब्दांच्या बाबतीत तो टाळा. ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे हजर असलेले सभासद, ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे सभासद, मग ते हजर असोत वा नसोत. ‘द पर्सन रिस्पॉन्सिबल’ म्हणजे ज्याने ते केलं तो, ‘अ रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणजे जबाबदार वृत्तीचा माणूस. ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ हा संबंधित अधिकारी. पत्रव्यवहारात सर्रास दिसणारा ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ बाहेरच्या वाचकाला काळजीत पडलेला अधिकारी वाटू शकतो. बैठकीचं इतिवृत्त किंवा तक्रारीचं पत्र लिहिताना हा फरक जपा.

जे आखूड होतच नाही

‘सायकल चोरीला गेलेला मुलगा’ हे मराठीत छान आखूड होतं. इंग्रजीत ‘हूज’चा क्लॉज कृदंतात जात नाही. ‘द बॉय हूज सायकल वॉज स्टोलन’ पूर्णच लिहावं लागतं. कीनन आणि कॉम्री यांच्या उतरंडीत मालक खालच्या बाजूला आहे, ते इथे प्रत्यक्ष दिसतं. कृदंताने आखूड करणं इंग्रजीत फक्त वरच्या पायरीला, म्हणजे कर्त्याला, मोकळं आहे. कर्मवाचक ‘बिल्ट’, ‘रिटन’ ज्या नामांना लागतात तीसुद्धा कर्मणी वाक्यातले कर्तेच आहेत.

आणि कधी कधी नियमात बसूनही आखूड करू नये. अमेरिकन मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये एक वाक्य मांडलं, ते तेव्हापासून या विषयात उदाहरण म्हणून दिलं जातं: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ‘रेस्ड’ म्हणजे ‘व्हिच वॉज रेस्ड’, पळवला गेलेला. पण इंग्रजी मातृभाषा असलेलेही ‘रेस्ड’ला मुख्य क्रियापद समजतात आणि ‘फेल’पाशी अडखळतात, कारण भूतकाळ आणि कृदंत दोन्ही एकाच रूपाची आहेत. ‘रेस्ड’च्या जागी ‘रिडन’ घाला, अडचण नाहीशी होते, कारण ‘रिडन’ भूतकाळ असूच शकत नाही. यातून लिहिणाऱ्याने घ्यायचं ते इतकंच: रिटन, टेकन, गिव्हन, सीन यांच्यासारखी कृदंतं भूतकाळाहून वेगळी दिसतात, ती बिनधास्त वापरा. सेंट, टोल्ड, फाउंड आणि ईडीने संपणारी बहुतेक क्रियापदं दोन्हीकडे सारखी असतात. ‘द क्लर्क टोल्ड अबाउट द एरर कॉल्ड मी’ असं काही लिहून झालं आणि वाचणारा ‘कॉल्ड’पाशी थबकेल असं वाटलं, तर ‘हू वॉज’ परत घाला. दोन शब्द वाढतील, पण त्याला वाक्य पहिल्या वाचनात कळेल.